संगणकाची पेटी : उघडायची आणि उचलायची

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

संगणक विकत घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो त्याच्या मेंदूविषयी. प्रोसेसर कोणता, स्मृती किती, पडदा केवढा, ही सारी चौकशी होते. परंतु हे सर्व सामान ज्या पत्र्याच्या पेटीत राहावयाचे तिच्याविषयी विचारलेच, तर रंग विचारला जातो; हल्लीची मुले आत दिवे लागतात का, तेही विचारतात. आपल्याकडे त्या पेटीला स्वतःचे नावही धड उरलेले नाही. दुकानदार तिला कॅबिनेट म्हणतो आणि शाळेतला शिपाई सीपीयू म्हणतो. सीपीयू हे वास्तविक आतल्या एका लहानशा चौकोनी तुकड्याचे नाव. तळहातावर ठेवला तर मूठ मिटता येईल एवढाच तो असतो. घरातल्या एका माणसाचे नाव सबंध वाड्याला पडावे, तशातला हा प्रकार आहे.

आज मी बोलणार आहे ते या वाड्याविषयी. मेजावरच्या संगणकाची पेटी कशी असावी, ती सहज जोडता यावी आणि सहज उचलून नेता यावी यासाठी काय करावे लागते, एवढाच माझा विषय आहे. मी काही अभियंता नव्हे. मी एक शाळाशिक्षिका आहे, आणि हुबळीच्या वेशीवर असलेल्या तारिहाळ या गावाच्या परिसरात राहते. तेव्हा या विषयाकडे मी पाहते ती शाळेतल्या खोलीच्या दारातून.

प्रथम उचलण्याची गोष्ट घेऊ. मेजावरचा संगणक हा मेजावरच राहतो, अशी कल्पना तो घडविणाऱ्यांनी केलेली दिसते. आपला अनुभव निराळा आहे. शाळेत एकच संगणकखोली असते, आणि परीक्षेच्या दिवसांत तीच खोली बाकांसाठी रिकामी करावी लागते. खेड्यातून धारवाडला शिकावयास आलेला मुलगा दर वर्षी खोली बदलतो. यंत्र बिघडले तर ते शहरात न्यावे लागते, कारण दुरुस्ती करणारा खेड्यात येत नाही. आला तर येण्याचे पैसे दुरुस्तीहून अधिक होतात. म्हणजे ही पेटी प्रवासी आहे, आणि तिला मूठ नाही. भरलेली पेटी सहा-सात किलोंची सहज होते, मोठी असली तर दहाच्या पुढे जाते. ती गुळगुळीत असते, तिच्या खालच्या कडा बोटांना कापतात. मग माणूस तिला लहान मुलासारखी पोटाशी धरतो, किंवा स्कूटरच्या पायठेवणीवर दोन गुडघ्यांच्या मध्ये बसवतो. आमच्या माहितीतले एक यंत्र असेच शहरात नेले. निघताना त्यात जो दोष होता तो किरकोळ होता. पोहोचेपर्यंत रस्त्यातील खड्ड्यांनी आतल्या पंख्याचा एक पाय सुटून गेला होता, आणि दुकानदाराने दोन्ही दुरुस्त्यांचे पैसे लावले. त्याला तरी काय म्हणावे? पंखा सुटला होताच.

आता दुसरी गोष्ट, उघडण्याची. शाळांतून बंद पडलेले संगणक आपण सर्वांनी पाहिले आहेत. वर कापडाचे आच्छादन असते, कधी त्याला कुंकवाची टिकलीही लावलेली असते, आणि यंत्र वर्षानुवर्षे मुके असते. त्यांतील कित्येकांचे दुखणे एवढेच असते, की स्मृतीची पट्टी आपल्या खाचेत सैल झाली आहे किंवा तिच्या सोनेरी दातांवर मळ चढला आहे. यंत्राची वीज काढावी, पट्टी उपसावी, दात साध्या खोडरबराने हलकेच घासावेत, पट्टी पुन्हा दाबून बसवावी. यंत्र बोलू लागते. हे काम आठवीतली मुलगी करू शकते. खोडरबर तर तिच्या दप्तरातच असते. पण पेटी उघडणार कोण? मागचे स्क्रू काढावेत, पत्रा मागे सरकवावा, तो अर्ध्यावर अडकावा, जोर लावला की हात सोलावा, आणि इतके करून आत पाहिले तर वायरींचे जाळे. मनुष्य घाबरतो आणि पत्रा पुन्हा लावून टाकतो. ज्या पेटीची भीती वाटते ती पेटी कोणी उघडत नाही, आणि न उघडलेले यंत्र एक दिवस भंगारात जाते. म्हणून पेटीचा प्रश्न हा केवळ सोयीचा प्रश्न आहे, असे मला वाटत नाही.

ही पेटी एवढी मोठी का, हे थोडे समजून घेतले पाहिजे. 1995 मध्ये इंटेल या कंपनीने एटीएक्स नावाचे एक माप ठरवून दिले. मुख्य पाटी, जिला मदरबोर्ड म्हणतात, ती 30.5 सेंटिमीटर लांब व 24.4 सेंटिमीटर रुंद. तिला भोके अमुक ठिकाणी. मागची खिडकी अमुक आकाराची. या ठरावाचे उपकार मोठे आहेत. कोणत्याही कारखान्याची पाटी कोणत्याही कारखान्याच्या पेटीत बसू लागली. चौकटीचे माप ठरले की कोणत्याही सुताराचे दार बसावे, तसे. पण त्या काळी पेटीत फ्लॉपीचे कप्पे लागत, सीडीचे कप्पे लागत, विटेएवढी हार्ड डिस्क लागे. आज फ्लॉपी गेली, सीडी गेली, आणि साठवणीची पट्टी 22 मिलिमीटर रुंद व 80 मिलिमीटर लांब एवढी होऊन मुख्य पाटीवरच आडवी झोपली. माणसे निघून गेली, वाडा तेवढाच राहिला. 45 सेंटिमीटर लांब, 40 उंच आणि 20 रुंद अशा साधारण पेटीचे घनफळ 36 लिटर भरते, आणि त्यांतील पुष्कळसा भाग आपण हवा म्हणून उचलून नेत असतो.

उचलून नेण्याचा संगणक करण्याचा प्रयत्न पूर्वी झाला नव्हता असे नाही. 1981 मध्ये अमेरिकेत ऑस्बोर्न-1 नावाचे यंत्र निघाले. त्याचे जनक ॲडम ऑस्बोर्न यांचे बालपण आपल्या दक्षिणेत, तिरुवण्णामलै येथे गेले होते, आणि अखेरीस 2003 मध्ये त्यांचे निधनही कोडाइकनाल येथे झाले. हे यंत्र शिवणयंत्राच्या पेटीसारखे दिसे. कळफलक हाच तिचे झाकण. तो खिट्यांनी लावला की पेटी बंद, वर मूठ. विमानाच्या आसनाखाली ती मावत असे. वजन मात्र 11 किलो होते, आणि पडदा अवघा 5 इंचांचा! लोकांनी त्याची थट्टाही केली आणि ते विकतही घेतले. कंपनी 1983 मध्ये दिवाळखोरीत गेली, ती निराळी कथा. पुढे कॉम्पॅकनेही तसेच यंत्र काढले, ते तर याहून जड होते. मला या यंत्रांत महत्त्वाचे वाटते ते हे, की मूठ ही पेटी तयार झाल्यावर वरून लावलेली नव्हती. प्रथम मूठ ठरली आणि तिच्याखाली यंत्र रचले गेले.

कोणी म्हणेल, आता लॅपटॉप आहेत, मुठीएवढे संगणक आहेत. मग हा खटाटोप कशाला? प्रश्न योग्य आहे. ज्याला केवळ काम करावयाचे आहे आणि पैसे आहेत, त्याने लॅपटॉप घ्यावा. परंतु लॅपटॉपची बॅटरी काही वर्षांत म्हातारी होते, आणि अलीकडे त्यांतील पुष्कळांची स्मृती पाटीलाच डाखलेली असते. ती बदलता येत नाही, वाढविता येत नाही. शाळेला दहा-बारा वर्षे टिकणारे, एकेक भाग बदलत जाणारे यंत्र हवे असते. आणि शाळेला आणखी एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे मुलांनी ते यंत्र हातांनी जोडावे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे शाळेतील मुले पत्र्याचे काम, वेल्डिंग, वीजजोडणी शिकत असतात. 2002 पासून तेथे अमेरिकेतील एमआयटीच्या साहाय्याने फॅब लॅबही आहे. हाताने केलेले डोक्यात राहते, हा तेथील शिक्षणाचा पाया आहे. संगणकाला तो लागू करावा, असे त्या कामाविषयी वाचताना मला नेहमी वाटत आले.

आम्ही नववीच्या मुलांबरोबर पुठ्ठ्याची पेटी करून पाहिली. ती हकिगत जरा सविस्तर सांगते, कारण सारी अडचण तिच्यात दिसते.

लहान मुख्य पाटीचे एक माप आहे. व्हीआयए या कंपनीने ते 2001 मध्ये काढले. 17 सेंटिमीटर लांब, 17 सेंटिमीटर रुंद, अगदी चौरस. तिला मिनी-आयटीएक्स म्हणतात. वीजपुरवठ्याचा डबाही लहान मिळतो, एसएफएक्स नावाचा, तो 12.5 सेंटिमीटर रुंद, 10 लांब व साडेसहाच्या आतबाहेर उंच. मुलांनी हिशेब मांडला. पाटी आणि तिच्यावरचा पंखा यांना दहा सेंटिमीटर उंची धरली तर सुमारे 2.9 लिटर, वीजडब्याला 0.8 लिटर. एकूण पावणेचार. वायरी आणि वारा यांसाठी आणखी जागा सोडली तरी 20 सेंटिमीटर लांब, 20 रुंद आणि 16 उंच अशी पेटी पुरते, म्हणजे जेमतेम साडेसहा लिटर. कोठे 36 आणि कोठे साडेसहा! मुलांना फार आनंद झाला. पुठ्ठा कापला, पेटी उभी राहिली, पाटीच्या जागी पुठ्ठ्याचा चौरस, वीजडब्याच्या जागी साबणाचे खोके. मग एका मुलीला सांगितले, की आता पाटीच्या कोपऱ्यातला स्क्रू बसवून दाखव. तिचा हात मनगटाशीच अडला. बोटे पोहोचली तर पेचकस तिरपा होई, पेचकस सरळ धरला तर बोटे दिसेनाशी होत.

श्रोतेहो, या विषयाची गाठ येथे आहे. जी पेटी उचलावयास सोपी ती जोडावयास अवघड, आणि जी जोडावयास सोपी ती उचलावयास अवघड. लहान केली तर हात शिरत नाही. हात शिरेल एवढी केली तर बगलेत मावत नाही. बाजारातील बहुतेक पेट्या या दोहोंपैकी एकाला शरण गेलेल्या आहेत.

यातून वाट आहे, आणि ती आपल्या घरांत पूर्वीपासून आहे. पानदानाचा विचार करा. ते बंद असते तेव्हा मुठीने उचलता येते. उघडले की कात, चुना, सुपारी, अडकित्ता सारे पसरून समोर येते, आणि कोठेही हात कोंबावा लागत नाही. पेटीवाल्याची हार्मोनियमही तशीच. प्रवासाची जी हार्मोनियम असते तिचा स्वरांचा भाग खाली दबून आपल्याच पेटीत बसतो, आणि भजनाला किंवा आमच्या चर्चमधल्या गायनाला ती एका हाताने नेता येते. म्हणजे पेटी मोठी करावयाची नाही, ती उघडी व्हावयास हवी. बंद असताना लहान, आणि उघडली असताना हातांना मोकळीक.

संगणकात हे कोणी केले नाही काय? केले आहे. 1999 च्या जानेवारीत ॲपल कंपनीने पॉवर मॅकिंटॉश जी-3 हे निळ्या-पांढऱ्या रंगाचे यंत्र काढले. त्याच्या बाजूला एक कडी होती. ती ओढली की सबंध बाजू बिजागरीवर खाली उतरे, आणि मुख्य पाटी त्या दारावरच बसविलेली असल्यामुळे दाराबरोबर बाहेर येऊन मेजावर आडवी पडे. एकही स्क्रू काढावा लागत नसे. आणि पेटीच्या चारही कोपऱ्यांना मुठी होत्या. यंत्र महाग होते, जड होते, आपल्या खेड्यांसाठी ते नव्हतेच. पण उचलणे आणि उघडणे या दोन्ही गोष्टी एका पेटीत राहू शकतात, हे त्याने दाखवून दिले. अशी चाल पुढे सर्वांनी का उचलली नाही, याचे मला नवल वाटते. काचेच्या भिंती आणि रंगीत दिवे मात्र सर्वांनी उचलले.

मुलांनी दुसरी पेटी त्या धर्तीवर केली. पत्र्याचे दोन तुकडे, दोन्ही यू-आकारात वाकविलेले. एकात वीजडबा, दुसऱ्यावर मुख्य पाटी, मध्ये बिजागरी. उघडले की पुस्तकासारखे दोन भाग. येथे एक पथ्य पाळावे लागते: वीजडब्यापासून पाटीपर्यंतची वायर बिजागरीच्या बाजूने न्यावी आणि दार पूर्ण उघडले तरी ताणली जाणार नाही एवढी लांब ठेवावी. नाहीतर पहिल्याच उघडण्यात ती खाचेतून निसटते.

मूठ कोठे लावावी, यावर वर्गात वाद झाला. निम्म्या मुलांना ती अगदी मधोमध हवी होती. पण पेटीतले वजन मधोमध नसते. वीजडबा एका अंगाला असतो, आणि मूठ मध्यावर लावली तर पेटी त्या अंगाला कलते व चालताना पोटरीवर आदळते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वमध्य काढण्याचा प्रयोग असतो. वस्तू एका टोकाला टांगावी, ओळंबा सोडून रेघ मारावी, मग दुसऱ्या टोकाला टांगून दुसरी रेघ मारावी. दोन रेघा जेथे छेदतील तेथे गुरुत्वमध्य. मुले हा प्रयोग परीक्षेसाठी पाठ करतात. त्या दिवशी त्यांनी साबणाच्या खोक्यात वाळू भरून तो खरोखरी केला, आणि मूठ मध्यापासून तीन बोटे सरकली.

जोडणीविषयी मला आणखी एक उदाहरण द्यावयाचे आहे, आणि ते शिक्षकांच्या चांगल्या ओळखीचे आहे. निवडणुकीच्या कामावर गेलेल्या प्रत्येकाने मतदानयंत्र हाताळलेले असते. या यंत्राचा पहिला वापर 1982 मध्ये केरळात परवूर येथे झाला. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ते बनविते, हैदराबादची ईसीआयएलही बनविते. आणि त्याच्या रूपरचनेत मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्रा. ए. जी. राव व प्रा. रवी पूवय्या यांचा वाटा आहे. 2024 च्या मे महिन्यात आमच्या धारवाड मतदारसंघात मतदान झाले, तेव्हाही ही यंत्रे आपापल्या मुठीच्या पेट्यांतून केंद्रावर आली. त्यांची जोडणी करणारे हात अभियंत्याचे नसतात. ते शिक्षकाचे, तलाठ्याचे, कारकुनाचे असतात, पहाट झालेली असते आणि डोळ्यांवर झोप असते. म्हणून वायरीची जोडणी थोडी आणि स्पष्ट ठेवलेली आहे, आणि जोडणीच्या दोन्ही बाजूंच्या खिट्या दाबल्यावाचून ती सुटत नाही. त्या यंत्राच्या राजकारणाशी आज मला कर्तव्य नाही. पण ज्याला यंत्र कळत नाही त्याच्याही हातून नीट जोडले जावे, या दृष्टीने केलेली पेटी पाहावयाची असेल तर ती आपल्या देशात आहे.

संगणकाच्या पेटीत याच्या नेमके उलट घडते. एक साधी गोष्ट स्क्रूंची. पेटीसोबत जी पुडी येते तिच्यात दोन जातींचे स्क्रू असतात. एक इंची आट्यांचा, एक मेट्रिक आट्यांचा. दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात. एकाच्या भोकात दुसरा घातला की दोन फेरे जातो, मग घट्ट होतो. मनुष्य जोर लावतो आणि आटे जातात. आपण पेटी घडवावयास घेतली तर जेथे आपल्या हाती आहे तेथे स्क्रूची एकच जात ठेवावी, आणि त्याचे डोके खरबरीत व मोठे असावे, म्हणजे तो बोटांनी फिरतो. तो सुटल्यावर पत्र्यालाच लटकून राहिला तर फारच उत्तम, कारण शाळेत पडलेला स्क्रू सापडत नसतो.

आणखी एक गोष्ट मात्र सोयीची नसून जिवाची आहे. पत्र्याच्या पेटीला अर्थिंग असलेच पाहिजे. वीजडबा पेटीला स्क्रूने बसतो आणि त्या स्क्रूंतून पेटीचा पत्रा तीन पिनांच्या प्लगमधील मोठ्या पिनेशी जोडला जातो. पुष्कळ ठिकाणी भिंतीतील त्या तिसऱ्या भोकामागे तारच नसते. मग यंत्राला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि लोक म्हणतात, पेटीत करंट उतरला. तो झिणझिणाट बहुधा वीजडब्यातील गाळणीचा असतो आणि फार थोडा असतो. परंतु वीजडबा खरोखरी बिघडला व तिसरी तार नसली, तर तोच पत्रा प्राणघातक होऊ शकतो. आपल्या दोन भागांच्या पेटीत तर हे अधिक जपावे लागते. रंगाचा थर वीज अडवितो, बिजागरीवर विसंबता येत नाही. म्हणून दोन्ही भागांना जोडणारी एक हिरवी तार, रंग खरवडलेल्या जागी, स्क्रूने घट्ट बसवावी. आणि पेटी उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटन बंद करणे पुरेसे नाही.

हे सर्व पत्र्यात उतरविणे तारिहाळसारख्या ठिकाणी अशक्य आहे काय? हुबळी उद्योगजगतात झडपांसाठी, म्हणजे व्हॉल्व्हसाठी, ओळखली जाते. तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाशी रोज झटणारी माणसे आहेत. मोठे कारखाने पेट्या ठशाने ठोकतात. ठसा करावयास पैसा फार लागतो, आणि पेट्या लाखांनी निघाल्या तरच तो वसूल होतो. पन्नास-शंभर पेट्यांसाठी तो मार्ग नव्हे. तेथे पत्रा लेसरने कापावा आणि बेंडिंग प्रेसवर वाकवावा. नक्षा बदलला तर केवळ संगणकातील आकृती बदलते, ठसा फुकट जात नाही. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा एवढ्या लहान पेटीला पुरतो. कारण मजबुती जाडीपेक्षा घडीत असते. कागदाची घडी करून पाहिली की हे कळते. शहरातील मोठ्या पेटीपेक्षा अशी पेटी थोडी महाग पडेल, हे मात्र मी लपवीत नाही. लाखांनी निघणाऱ्या वस्तूची किंमत शंभरांनी निघणाऱ्या वस्तूला कधीच गाठता येत नाही. शाळांनी एकत्र येऊन मागणी केली तर हे अंतर कमी होईल.

कारखान्यात जाताना चित्र घेऊन जाऊ नये, पुठ्ठ्याची पेटीच घेऊन जावी. पत्र्याचा कारागीर ती हातात फिरवून जे सांगतो ते चित्र पाहून सांगत नाही. आमच्या पेटीकडे पाहून एका कारागिराने प्रथम विचारले, की ही घडी घातल्यावर आतली घडी प्रेसवर कशी येणार? तोवर घड्यांचा क्रम कोणाच्या ध्यानातच आला नव्हता. त्याने आतली घडी आधी आणि बाहेरची नंतर असा क्रम लावून दिला. मग मुठीखालच्या कडेवरून बोट फिरविले आणि ती कड पाव इंच आत दुमडावयास सांगितली, म्हणजे उचलणाऱ्याच्या बोटांना धार लागणार नाही. सध्या मुले त्या दुमडीसाठी मापे पुन्हा काढीत आहेत, कारण ती आत गेल्यामुळे वीजडब्याला जागा अर्ध्या सेंटिमीटरने कमी पडते आहे.